दम आधी येतो, टाच मागून

पन्नाशीत पळायला लागलेल्या माणसाचे पहिले दोन-तीन महिने झकास जातात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर ज्या अंतरात धाप लागायची, तेच अंतर आता गप्पा मारत होतं. मग कुणीतरी हाफ मॅरेथॉनचं खूळ डोक्यात घालतं. आणि नेमकं तेव्हाच सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकलं की टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर कळ येते.

दम लवकर वाढतो. पंधरवड्यात रक्तातला द्रव वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या, वाढतात. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, मात्र रेंगाळते. तिला रक्तपुरवठाच तुटपुंजा. डेन्मार्कच्या संशोधकांनी तिचं वय मोजायला अणुचाचण्यांचा उपयोग केला. १९५५ ते १९६३ या काळातल्या स्फोटांनी हवेत कार्बन-१४ हे किरणोत्सारी कार्बन वाढलं आणि त्या काळात शरीरात जे काही घडलं त्यावर त्याची खूण राहिली. २०१३ साली त्यांनी दाखवलं, की या शिरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो. पुढे त्यात नवं जवळपास काही भरलं जात नाही. म्हणजे पन्नाशीतला गडी कॉलेजातल्या शिरेवर पळतो, आणि धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो.

तरी ही शीर भाराला दाद देते, फक्त महिन्यांच्या हिशोबाने. घरच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहा, टाचा अधांतरी. दोन्ही पायांवर वर उचला, क्षणभर थांबा, मग तीन-चार आकडे मोजत सावकाश खाली. आधी गुडघे सरळ ठेवून, मग किंचित वाकवून. वाकवल्यावर पोटरीच्या आतल्या स्नायूला काम पडतं. सोपं झालं की एका पायावर, पुढे पाठीवर वजन घेऊन. धावणाऱ्यांना हा व्यायाम कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते नव्या बुटांपेक्षा यावर भर द्यावा.

धावणं दिवसाआड, बोलता येईल इतक्याच वेगात. चढावरचा जोर किंवा वेगाची धाव आठवड्यातून एकदा, तीही काही महिने झाल्यावर. कळ धावताना वाढत गेली किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त जाणवली, तर अंतर कमी करा.

एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाळ्याची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. तोवर वेग विसरा, दिवस उगवायच्या आत परत या.

घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवरही फार विसंबू नका. मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, यासाठी २२० वजा वय हा ढोबळ हिशोब. एकाच वयाच्या दोघांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारं औषध, चालू असेल तर आकडा मुळातच कमी दिसतो. शुगर, बीपी असेल किंवा छातीत जडपणा जाणवत असेल, तर वेग वाढवण्याआधी डॉक्टरांना टीएमटीबद्दल, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करायच्या हृदयाच्या तपासणीबद्दल, विचारा.