मुंबईच्या भरतीत न बसणारा हौद

भाची ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला शिकते. परवा तिने फोटो पाठवला: कातळात कोरलेला हौद, त्यात डुंबणारी चार म्हातारी माणसं, मागे क्षितिजावर खोळंबलेली कोळशाची जहाजं. खाली प्रश्न, "मामा, बँडस्टँडला असं का नाही?"

हा बोगी होल. 'बोगी' म्हणजे आंघोळ. शब्द सिडनीकडच्या आदिवासींचा. न्यूकॅसल ही कैद्यांची वसाहत असताना, 1819च्या सुमारास, तिथला कमांडंट मेजर मॉरिसेट याने हा हौद स्वतःसाठी कैद्यांकडून खोदून घेतला. बंदराच्या तोंडाशी नॉबीज बेटापर्यंतचा दगडी बांधही कैदीच घालत होते. साहेबांचा हौद 1863मध्ये सगळ्यांना खुला झाला. 1922मध्ये न्यूकॅसल ओशन बाथ्स हे मोठे सार्वजनिक हौदही सुरू झाले.

आता भाचीचा प्रश्न. 'आपले लोक घाण करतील' हे उत्तर मला आळशी वाटतं. खरी अडचण भरतीची आहे.

अशा हौदाचा काठ भरतीच्या पाण्याला जेमतेम लागेल इतकाच उंच हवा, म्हणजे लाटा वरून आत येतात आणि शिळं पाणी बाहेर पडतं. न्यूकॅसलला भरती-ओहोटीतला फरक उधाणालाही (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीलाही) दोन मीटरच्या आसपास. मुंबईत तो चार मीटरच्या पुढे जातो. चंद्र तर दोन्हीकडे एकच!

भरती ही प्रचंड लांबीची लाट असते आणि तिचा वेग खोलीवर ठरतो: गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. 4000 मीटर खोलीवर ताशी सुमारे 700 किलोमीटर, 75 मीटरवर शंभराच्या आत. पुढचं पाणी रेंगाळतं, मागचं येऊन भिडतं, लाट उंचावते. पण खरी गंमत पुढेच आहे. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन (खोल समुद्राआधीचा असा उथळ तळ) सुमारे 300 किलोमीटर रुंद, म्हणजे लाटेला यायला तीन तास, किनाऱ्यावरून उलट जायला तीन. भरतीचं चक्र 12 तास 25 मिनिटांचं, म्हणून भरतीची लाट परत या जमिनीच्या कडेला पोचते तेव्हा बाहेर खोल समुद्रात ओहोटी असते. खोल पाण्याशी भिडताच ती उलटते, स्वतःच ओहोटी होऊन आत वळते आणि नव्या ओहोटीत मिसळते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का! गणित ढोबळ आहे, पण न्यूकॅसलची समुद्रबूड जमीन इतकी अरुंद की तिथे हा झोका बसतच नाही.

(जाता जाता: '4.5 मीटरची भरती' म्हणजे साडेचार मीटरच्या लाटा नव्हेत. ती उंची साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात आणि तिचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून येतं. वाहिन्यांना ती दर पावसाळ्यात नव्याने सापडते.)

तर मुंबईत काठ किती उंच ठेवायचा? न्यूकॅसलला उधाणाच्या आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, लहान) भरतीत वीत-दीड वीत अंतर, शिवाय पॅसिफिकच्या लाटा बारमाही. आपल्याकडे ते अंतर मीटरभराहून जास्त. काठ उधाणाला जुळवला तर भांगाच्या दिवसांत पाणी तिथवर पोचणारच नाही, आणि पावसाळा सोडला तर वरून उडी मारून येईल अशी लाटही नाही. खाली ठेवला तर उधाणाला पोहणाऱ्याच्या डोक्यावरून समुद्र.

भाचीला एवढं सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं: "मग पंप लावा ना."