लिनक्सवरील पीडीएफ संपादन व टीपलेखन

पीडीएफमधील मजकूर बदलणे, पाने मागेपुढे करणे आणि पानावर टिपा लिहिणे ही कामे लिनक्स या संगणक प्रणालीवर सहसा निरनिराळ्या मुक्त सॉफ्टवेअरकडून करून घेतली जातात. अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेले हे स्वरूप २००८ मध्ये आयएसओ ३२००० या नावाने खुले आंतरराष्ट्रीय मानक झाले. मात्र कंपनीच्या ‘रीडर’ या पीडीएफ वाचकाची लिनक्स आवृत्ती २०१३ मधील ९.५.५ नंतर पुढे सरकली नाही.

कामांच्या या विभागणीचे मूळ फाइलच्या रचनेतच आहे. पीडीएफच्या पानात बहुधा परिच्छेद नसतात. कोणती अक्षराकृती कोठे उमटवायची एवढ्याच सूचना असतात. टीप मात्र पानाला जोडलेली स्वतंत्र वस्तू असल्यामुळे मूळ मजकुराला हात न लावता ती घालता किंवा काढता येते.

टीपलेखनासाठी केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे ऑक्युलर हे वाचक सॉफ्टवेअर सर्वांत सोयीचे म्हणावे लागेल. पूर्वी त्यातील टिपा वापरकर्त्याच्याच संगणकावर वेगळ्या साठत आणि फाइल दुसऱ्याला पाठवली की तिच्याबरोबर जात नसत. आता त्या फाइलमध्येच जतन होतात. हाताने लिहिणाऱ्यांसाठी झोर्नल++ आहे, पण त्यातून पीडीएफ काढल्यावर लेखन पानाचाच भाग बनते. फायरफॉक्समध्येही २०२२ मधील १०६व्या आवृत्तीपासून मजकूर आणि रेघोट्या घालता येतात.

मूळ मजकूर बदलण्यासाठी लिबरऑफिस ड्रॉ वापरतात. ते बहुधा प्रत्येक ओळ वेगळ्या चौकटीत उघडते आणि संगणकावर नसलेल्या फॉन्टच्या जागी दुसरा बसवते, त्यामुळे एखादी तारीख दुरुस्त करण्यापलीकडे त्याचा भरवसा धरू नये. पानांच्या उलाढालीला पीडीएफ अरेंजर किंवा क्यूपीडीएफ पुरते.

देवनागरीत अडचण आणखी वाढते. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली तरी कागदावर आधी उमटते आणि जोडाक्षराची आकृती एकसंध असते. म्हणून आकृतीचा युनिकोडशी, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाशी, मेळ नीट नोंदवलेला नसेल, तर शोध आणि नक्कल दोन्ही फसतात. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील फाइलमधून नक्कल केल्यास तर अनेकदा रोमन अक्षरांचा कचराच हाती येतो. अशा वेळी पानाचे चित्र करून ते टेसरॅक्ट या चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी प्रारूपाकडून नव्याने वाचून घेणे हा खात्रीचा नसला तरी व्यवहार्य मार्ग ठरतो.