टीम चॅट आणि कंपनीचं सोशल नेटवर्क: दिसतं सारखं, पैसा वाचतो वेगळ्या ठिकाणी

मोबाइलवर दोन्ही उघडून शेजारी ठेवली तर फरक कळत नाही. तीच नावं, तेच फोटो, तेच अंगठे. त्यामुळे एक घेतलं की दुसऱ्याची गरज नाही, असं सहज वाटतं. पण मायक्रोसॉफ्टकडे पाहा. यॅमर हे नेटवर्क त्यांनी २०१२ मध्ये १.२ अब्ज डॉलरला विकत घेतलं आणि तरीही २०१७ मध्ये टीम्स हे चॅट वेगळं आणलं. यॅमर आज व्हिवा एंगेज या नावाने चालतं. झोहोचंही तसंच आहे: क्लिक हे चॅट, कनेक्ट हे नेटवर्क.

चॅट एकमेकांना ओळखणाऱ्यांचं काम लवकर उरकतं. नेटवर्क, जे ओळखत नाहीत त्यांना 'हे कुणाला माहीत आहे' ते दाखवतं. मॅकिन्झीच्या २०१२ च्या अहवालातले दोन आकडे इथे कामी येतात. टेबलाशी बसून काम करणाऱ्यांचा आठवड्यातला सुमारे २८ टक्के वेळ ई-मेलमध्ये जातो आणि जवळपास २० टक्के वेळ आतलीच माहिती किंवा योग्य माणूस शोधण्यात. चॅट पहिल्या खर्चावर उपाय आहे, नेटवर्क दुसऱ्यावर. ही साधनं पुरेपूर वापरली तर उत्पादकता २० ते २५ टक्के वाढू शकते, असा त्या अहवालाचा अंदाज होता. मात्र तो हॉटेलच्या हाउसकीपिंगला किंवा गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्यातल्या पॅकिंग लाइनला जसाच्या तसा लावू नये.

कळंगुटच्या किनाऱ्यावरचं एखादं हॉटेल घ्या. रात्री २०४ नंबरच्या एसीतून पाणी गळतं. फ्रंट ऑफिस चॅटवर खोलीचा नंबर आणि फोटो टाकतं, मेंटेनन्सचा माणूस 'घेतलं' लिहितो, तुंबलेला ड्रेन पाईप साफ करतो, 'झालं' लिहितो. उद्या या संदेशाची कुणालाच गरज नाही.

पण त्याच एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल खाऱ्या वाऱ्याने गंजते. गोड्या पाण्याने ठरावीक दिवसांनी धुतली तर ती जास्त टिकते. किती दिवसांनी धुवायची, पाण्याचा दाब किती ठेवायचा, कोणत्या बाजूची युनिटं आधी जातात, हे त्या मेंटेनन्सवाल्याला अनुभवाने ठाऊक असतं. ही माहिती पाळोळ्याला त्याच मालकाचं दुसरं हॉटेल असेल तर तिथेही हवी. चॅटवर लिहिली तर दोन दिवसांत ती शेकडो संदेशांखाली जाते. स्लॅकच्या मोफत योजनेत तर ९० दिवसांपलीकडचे संदेश दिसतच नाहीत: मे महिन्यात शिकलेलं ऑक्टोबरात, ऐन सीझन उघडताना, हाताला लागत नाही.

फायदा मोजायची रीतही म्हणून वेगळी. चॅटचा हिशेब मिनिटांत होतो. ६० माणसांची रोज प्रत्येकी १० मिनिटं वाचली तर दिवसाला १० तास, २६ दिवसांच्या महिन्यात २६० तास. नेटवर्कवर पोस्ट आणि लाइक मोजून काही हाती लागत नाही. महिन्यात किती प्रश्न विचारले गेले, त्यातल्या कितींना ४८ तासांत उत्तर मिळालं आणि कितींचं उत्तर दुसऱ्या शाखेतून आलं, हे तीन आकडे पुरे.

बिघडतं ते बहुतेक सुरुवातीच्या मांडणीत. किचन आणि हाउसकीपिंगच्या लोकांना कंपनीचा ई-मेल नसतो. मोबाइल नंबरने लॉगिन होत नसेल तर निम्मा स्टाफ बाहेरच राहतो. शुल्क माणशी असतं, म्हणून सीझनपुरत्या माणसांसह हिशेब आधीच करा. आपल्याकडे खास अडचण लिपीची: एक जण 'गिझर' देवनागरीत लिहितो, दुसरा रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, तिसरा व्हॉइस नोट टाकतो, आणि शोधताना एकाचं दुसऱ्याला सापडत नाही. प्रत्येक पोस्टच्या पहिल्या ओळीत खोली किंवा यंत्राचा क्रमांक अंकांत लिहायचा, एवढा एक नियम पाळला तरी शोध चालतो. आणि नेटवर्कवर फक्त व्यवस्थापनाच्या सूचनाच चढत राहिल्या तर लोक ते उघडणंच सोडतात.

व्हॉट्सअॅप ग्रुप या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. सोडून गेलेल्या माणसाला ग्रुपमधून काढलं तरी जुने संदेश आणि फोटो त्याच्या फोनमध्ये राहतात. परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला २४ तासांत कळवायची म्हणून पासपोर्टचे फोटो तिथे टाकणं हा तर सरळ धोका आहे. कंपनीच्या साधनात खातं त्याच दिवशी बंद करता येतं. ते काम कुणाचं, हे नाव घेऊन ठरवून ठेवा.

एकाच इमारतीत ४०-५० माणसं असतील तर नेटवर्क विकत घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चॅट आणि एक सामायिक वही भागवते. दोन-तीन ठिकाणी पसारा असेल किंवा माणसं दर सीझनला बदलत असतील, तर दोन्ही हवीत, आणि चॅटमधली पक्की झालेली उत्तरं दर शनिवारी नेटवर्कवर नेणारा एक माणूसही.

नेटवर्क कामी येतं का, हे चतुर्थीला कळतं, कारण तेव्हा जुनी माणसं गावी जातात. त्या दिवसांत त्यांना किती फोन गेले आणि कशासाठी, हे ड्युटीवरच्या सुपरवायझरने वहीत टिपावं. ज्या प्रश्नाचं उत्तर नेटवर्कवर सापडलं नाही, ते माणूस परत आल्यावर त्याच आठवड्यात त्याच्याकडून लिहून घ्यावं.