मधल्या सुट्टीत हाडं काय ऐकतात?

"पळू नका" अशी पाटी शाळेच्या पटांगणात लावायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणूनच एखादं मूल पडून हात मोडून घेतं, तेव्हा तोच उपाय आधी सुचतो. काही देशांत शाळांनी मधल्या सुट्टीतली शिवाशिवी बंद केली, कोलांट्या बंद केल्या, टणक चेंडू बंद केला. कुठे सुट्टीच छाटली. या सगळ्यामागे एक समज आहे: मूल जितकं कमी आपटेल, तितकं त्याचं हाड सुरक्षित. आजच्या दिवसापुरता तो बरोबरही आहे. दहा वर्षांचा हिशेब मांडला की तो चुकतो. का, हे कळण्यासाठी हाडाच्या आत शिरावं लागेल.

हाड म्हणजे खडूची कांडी नव्हे. त्याच्या घट्ट भागात अगणित सूक्ष्म पोकळ्या असतात आणि प्रत्येक पोकळीत एक पेशी कोंडलेली असते. तिचं नाव ऑस्टिओसाइट. पूर्ण वाढ झालेल्या हाडातल्या पेशींपैकी ९० ते ९५ टक्के याच. हाड बांधता बांधता स्वतःच भिंतीत चिणले गेलेले आणि आता निकामी झालेले गवंडी, असं त्यांच्याबद्दल बराच काळ मानलं जाई. प्रत्यक्षात मुकादम त्याच निघाल्या. प्रत्येकीला कित्येक डझन बारीक फांद्या असतात. त्या मिलिमीटरच्या एक हजारांशाहूनही बारीक नळ्यांमधून जाऊन शेजारणींना टेकतात. फांदी आणि नळीची भिंत यांच्यामधल्या फटीत द्रव भरलेला असतो.

धावताना पाय जमिनीवर आदळला की हाड किंचित वाकतं. किती? ३० सेंटिमीटर लांबीच्या हाडाची लांबी ०.३ मिलिमीटरने बदलली, तर तो झाला ०.१ टक्का ताण. जोरदार हालचालीतही जिवंत हाडातला ताण ०.३ टक्क्यांच्या फारसा वर जात नाही. इथे एक कोडं होतं. काचेच्या ताटलीत वाढवलेल्या हाडपेशींना जाग यायला याच्या कितीतरी पट, म्हणजे निदान एक टक्का ताण लागतो. आख्खं हाड इतकं ताणलं तर ते मोडेल. मग पेशीला कळतं कसं?

उत्तर त्या फटीतल्या द्रवात आहे. हाड वाकलं की एका बाजूला दाब पडतो, दुसरी बाजू ताणली जाते आणि द्रव दाबाकडून ताणाकडे ढकलला जातो. पेशीच्या फांद्या अतिसूक्ष्म धाग्यांनी नळीच्या भिंतीला बांधलेल्या असतात. वाहता द्रव या धाग्यांना ओढतो आणि फांदीच्या आवरणाला बसणारी ही ओढ हाडातल्या मूळ ताणाच्या कित्येक पट असते. म्हणजे हाडात आवाज वाढवणारं यंत्र बसवलेलंच आहे, आणि ते पाण्यावर चालतं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. द्रव किती जोराने वाहील, हे वजन किती यापेक्षा वजन किती झटकन पडलं यावर जास्त ठरतं. हळूहळू दाब दिला तर द्रव निवांत झिरपतो आणि पेशीला काही ऐकू येत नाही. पाठीवर जड दप्तर घेऊन रांगेत स्थिर उभं राहणं हाडाच्या दृष्टीने जवळपास शांतताच असते. दोन फुटांवरून मारलेली उडी ही आरोळी.

आरोळी ऐकू आली की ऑस्टिओसाइट एक काम थांबवते. एरवी ती स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडत असते, आणि हे प्रथिन म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशींवरचा ब्रेक. भार पडला की त्या जागी स्क्लेरोस्टिन कमी होतं, ब्रेक सुटतो आणि नवं हाड चढतं. ते सगळीकडे सारखं चढत नाही, जिथे वाकणं जास्त तिथे जास्त चढतं. ज्यांच्या शरीरात जन्मतः हे प्रथिन बनत नाही, त्यांची हाडं बेसुमार जाड होतात. तो दुर्मीळ आजार तपासतानाच हा ब्रेक सापडला आणि पुढे हाडांच्या ठिसूळपणावर याच प्रथिनाला अडवणारं औषध निघालं.

आता मधल्या सुट्टीशी थेट नातं असलेली गोष्ट. हाडाचे कान लवकर किटतात. १९८४ साली रुबिन आणि लॅन्यन या संशोधकांनी पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर रोज ठरावीक वेळा कृत्रिम भार दिला. दिवसाला फक्त ४ वेळा दिला तेव्हा हाडाची झीज थांबली. ३६ वेळा दिल्यावर हाड वाढलं. ३६०, अगदी १८०० वेळा देऊनही ३६पेक्षा जास्त काही मिळालं नाही. पुढे उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दिवसाचे ३६० भार एका दमात देण्याऐवजी ९०-९०च्या चार हप्त्यांत विभागले, तर हाड जास्त चढलं. किटलेला कान पूर्ववत व्हायला सुमारे आठ तास लागतात असं दिसलं. दोन भारांमध्ये दहा-पंधरा सेकंदांची उसंत दिली तरीही फायदा झाला.

शिवाशिवी खेळणाऱ्या मुलांकडे आता या नजरेने पाहा. झपकन धाव, अचानक थांबणं, हुलकावणी, उडी, धापा टाकत उभं राहणं, पुन्हा धाव. १९९५ साली सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या हालचाली सेकंदा-सेकंदाने नोंदवल्या गेल्या, तेव्हा जोरदार हालचालींचा मध्यक काळ निघाला अवघा ३ सेकंद, आणि त्यातल्या ९५ टक्के हालचाली १५ सेकंदांच्या आतच संपत होत्या. मोठ्यांना हा चंचलपणा वाटतो. हाडाला मात्र नेमकं हेच लागतं: थोडे, झटक्याचे, वेगवेगळ्या दिशांचे भार आणि मध्ये उसंत. "पळू नका, पण मैदानाला शिस्तीत फेऱ्या मारा" हा नियम हाडाच्या कामाचं सारं काढून घेतो आणि ज्याला हाड फारशी दाद देत नाही ते शिल्लक ठेवतो. पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या जोडून अर्ध्या तासाची एकच केली तर वेळापत्रक सोपं होतं. हाडाला मात्र दोन सुट्ट्यांची वाटणीच जास्त मानवते.

हे केवळ पक्ष्या-उंदरांवरून काढलेलं अनुमान नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वयात न आलेल्या मुलांना ६१ सेंटिमीटर उंच खोक्यावरून दोन्ही पायांवर उड्या मारायला लावलं: दर वेळी १००, आठवड्यातून तीनदा, सात महिने. जमिनीचा प्रतिधक्का शरीराच्या वजनाच्या आठपट होता. तेवढाच वेळ फक्त स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम केलेल्या मुलांच्या तुलनेत उड्या मारणाऱ्यांच्या मांडीच्या हाडाच्या मानेत ४.५ टक्के आणि कमरेच्या मणक्यांत ३.१ टक्के जास्त खनिज जमा झालं. हा साठा सगळाच विरूनही जात नाही. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंचा फेकीचा हात आणि दुसरा हात यांची तुलना करून २०१४ साली दाखवलं गेलं, की तरुणपणी हाडाच्या आकारात झालेल्या वाढीचा निम्मा आणि बळकटीतल्या वाढीचा एक तृतीयांश हिस्सा आयुष्यभर टिकतो.

जाता जाता एक सांगून टाकतो. दुधात कालवायच्या पुडीने हाडं पोलादी होतात आणि उंची वाढते, ही जाहिरात या यंत्रणेपुढे लटकी पडते. कॅल्शियम म्हणजे विटा. विटा कमी पडल्या तर भिंत उभी राहत नाही हे खरं, पण विटांचा ढीग वाढवल्याने गवंडी कामाला लागत नाही. त्याला मुकादमाचा निरोप लागतो आणि तो निरोप धावण्या-उड्या मारण्यातून जातो. बारला लोंबकळून उंची वाढते हीसुद्धा तशीच थाप. लोंबकळण्याने पकड आणि खांदे मजबूत होतात, तेवढंही पुष्कळ आहे.

मग बंदी घालायचीच नाही का? घालायची, पण खेळावर नाही, उंचीवर आणि जमिनीवर. पडण्याचं गणित शाळेतलंच आहे. दीड मीटरवरून पडणारं डोकं जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर पुढचं सगळं ठरतं. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, इतक्या 'जी'चं सरासरी मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर (एक 'जी' म्हणजे गुरुत्वाकर्षणाने येणारं त्वरण). काँक्रीटवर जेमतेम ५ मिलिमीटर मिळाले तर ३०० जी. सैल लाकडी तुकड्यांवर ५ सेंटिमीटर मिळाले तर ३० जी.

डोक्याची इजा मात्र या आकड्याच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. त्यासाठी हेड इंज्युरी क्रायटेरियन हा मापदंड वापरतात: मंदनाचा अडीचवा घात गुणिले ते टिकलेला काळ सेकंदांत. मंदन सगळा वेळ सारखंच राहिलं असं धरलं तर पहिल्या पडण्याचा काळ १.८४ मिलिसेकंद येतो आणि निर्देशांक २८०० ओलांडतो. दुसऱ्याचा काळ दहापट, निर्देशांक साधारण ९०. म्हणजे थांबण्याचं अंतर दहापट झालं की धोका दहाच्या दीडव्या घाताने, जवळपास बत्तीसपट घटतो. (आकडेमोड नको असलेल्यांनी एवढी बत्तीसपट लक्षात ठेवली तरी चालेल.) खेळाच्या जमिनींच्या चाचणीत साडेचार किलोच्या आसपास वजनाचं धातूचं डोकं, आत त्वरणमापक बसवून, वरून सोडतात. निर्देशांक १०००च्या आत आणि कमाल मंदन २०० जीच्या आत राहिलं, तरच ती जमीन त्या उंचीसाठी उत्तीर्ण.

गवत आणि उघडी माती या हिशेबात संरक्षक जमीन धरलीच जात नाही. पायांखाली आणि उन्हापावसात ती दगडासारखी घट्ट होते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचे आकडे असे: २३ सेंटिमीटर वाळू १.२ मीटर उंचीपर्यंत पुरते, तेवढेच गोल बारीक खडे दीड मीटरपर्यंत, तेवढेच लाकडी तुकडे ३ मीटरपर्यंत. रबराचा चुरा १५ सेंटिमीटर असला तरी ३ मीटरपर्यंत चालतो. ही खोली दबल्यानंतरची आहे. सैल भर किमान चतुर्थांश बसते, म्हणून सुरुवातीला ३० सेंटिमीटर घालावी लागते. चढायच्या साधनाभोवती सर्व बाजूंनी १.८ मीटर आणि झोपाळ्याच्या पुढे-मागे टांगणीच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत ही भर हवी.

बिघडतं ते नेहमी ठरलेल्या जागी. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या टोकाशी मुलं पायांनी भर उकरतात. सर्वांत जास्त पडणं होतं तिथेच खोली सर्वांत कमी उरते. उपाय एकच: २३ सेंटिमीटरवर खूण केलेली सळई घेऊन रोज त्या चार-सहा जागा मोजायच्या आणि दाताळ्याने भर परत ओढायची. वाळूत पाणी साचलं की ती घट्ट बसते, म्हणून खाली निचऱ्याचा थर लागतो. खांबांच्या पायातलं काँक्रीट उघडं पडलंय का, तेही पाहायचं. रबरी फरशीला ही उकराउकर नाही, पण भर उन्हात ती तळवा भाजण्याइतकी तापते आणि सांधे उचकटले की ठेच लागते. "शंभर टक्के सुरक्षित" असं छापलेल्या फरशीच्या विक्रेत्याला विचारावं: किती उंचीपर्यंत, आणि कोणत्या चाचणीत?

शिवाय हा मापदंड डोक्याचा आहे, हाताचा नाही. पडताना मूल तळवा पुढे करतं आणि सगळा धक्का मनगट-कोपरावर येतो. डोकं वाचवणाऱ्या जमिनीवरही हात मोडू शकतो. तिथे उंची कमी करण्याचा उपयोग होतो: न्यूझीलंडमधल्या १९९६ सालच्या अभ्यासात दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडल्यास इजेचा धोका सुमारे चौपट आढळला. मुलींत अकरा-बारा आणि मुलांत तेरा-चौदा या वयांत मनगटाजवळचे अस्थिभंग वाढतात, कारण उंची झपाट्याने वाढते आणि खनिज मागे राहतं. त्या वयात खेळ तोडला, तर मागे राहिलेलं खनिज आणखी मागे राहील.

काही नियम मात्र कडकच हवेत. कठड्याच्या गजांमधली किंवा पायऱ्यांमधली फट ९ ते २३ सेंटिमीटर असेल, तर धड आत जातं आणि डोकं अडकतं. अशी फट बुजवायचीच. गळ्यातली दोरी, नाडीची टोपी, साधनाला बांधलेला सुटा दोर, काहीही चालणार नाही. सायकलचं हेल्मेट चढण्याआधी काढायचं. इथे ते संरक्षण नसून फास ठरतं. ४० किलोचं आणि २० किलोचं मूल समोरासमोर आदळलं, तर लहान्याच्या वेगातला बदल मोठ्याच्या दुप्पट असतो. म्हणून वयोगटांच्या सुट्ट्या वेगळ्या ठेवाव्यात किंवा पट्टे आखून द्यावेत. इमारतीच्या आंधळ्या कोपऱ्यावर शिवाशिवीची हद्द ओढू नये. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, ओकलं किंवा त्याचा तोल गेला, तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टर.

झोंबाझोंबीबद्दल थोडक्यात. हसरा चेहरा, आळीपाळीने वर-खाली होणं आणि संपल्यावर एकत्रच राहणं, या तीन खुणांवरून खोटी मारामारी ओळखता येते. नियम सैल केले की दांडगाई माजेल या भीतीची तपासणी न्यूझीलंडमधल्या १६ शाळांत झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सैल नियमांच्या शाळांतल्या मुलांनी ढकलाढकली जास्त होते असं सांगितलं, पण शिक्षकांकडे तक्रार नेण्याचं प्रमाण मात्र कमी होतं.

बंदीचा ठराव करण्याआधी पटांगणाचा नकाशा भिंतीवर लावावा. प्रत्येक पडण्याला एक ठिपका, शेजारी चार नोंदी: किती उंचीवरून, कशावर, किती वाजता, कोणत्या वर्गाचं मूल. तीन महिन्यांनी ठिपक्यांची दाटी कुठे झाली ते पाहावं आणि सळई घेऊन आधी तिथे जावं.