चित्रीकरणातील प्रकाशाची लुकलुक

डोळ्यांना स्थिर दिसणारा दिवा कॅमेऱ्यात थरथरतो किंवा चित्रावर काळपट आडवे पट्टे सरकत राहतात, या दोषाला लुकलुक किंवा फ्लिकर म्हणतात. एकाच जागी निरनिराळ्या जातीचे दिवे लागले की तो आवरणे अवघड होते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत याचा अनुभव वारंवार येतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात. वडसा म्हणजेच देसाईगंज हे या नाटक मंडळ्यांचे मुख्य केंद्र. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. अशा परंपरेचे चित्रीकरण पट्ट्यांमुळे वाया जाणे ही खरी हानी आहे, कारण रंगलेला प्रयोग पुन्हा तसाच होत नाही.

दोषाचे मूळ विजेत आहे. भारतात वीजपुरवठा 50 हर्ट्‌झचा असतो. म्हणजे सेकंदाला 50 आवर्तने. प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणून दिव्याचा उजेड सेकंदाला 100 वेळा चढतो-उतरतो. शटर 1/100 सेकंद उघडे राहिले तर एक पूर्ण चढउतार पकडला जातो, 1/50 ला दोन. प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो आणि चित्र स्थिर राहते. 1/60 ला मात्र एक पूर्ण आणि दुसऱ्याचा दोन-तृतीयांश भाग येतो. हा तुकडा कधी उजळ, कधी मंद. सेकंदाला 30 फ्रेम असतील तर हा फरक सेकंदाला 10 वेळा जाणवतो. मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचत असल्यामुळे तोच फरक पट्ट्यांच्या रूपात दिसतो.

म्हणजे फ्रेमच्या वेगापेक्षा शटर महत्त्वाचे. 25 फ्रेम आणि 1/50 ही आपल्याकडची सर्वांत निर्धोक जोडी. पण 30 फ्रेमवरही 1/50 किंवा 1/100 ठेवल्यास काम होते. 24 फ्रेमवर चित्रीकरण करणाऱ्यांनी नेहमीच्या 1/48 ऐवजी 1/50 घ्यावे. मोबाइलच्या स्वयंचलित मोडवर विसंबू नये. उजेड वाढला की तो शटर 1/100 पेक्षा कमी करतो आणि पट्टे सुरू होतात. शटर लॉक करून आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) उतरवावा, तरी चित्र पांढरे पडत असेल तर लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, लावावा.

दिव्यांचे स्वभाव वेगवेगळे असतात. हॅलोजनची तार तापलेली राहते, त्यामुळे त्याचा उजेड फारसा खाली येत नाही. जुन्या चोकची ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्ब 100 च्या ठेक्यावर स्पष्ट लुकलुकतात, पण 1/50 ला दोन्ही आवरतात. खरी अडचण रंगीत एलईडी पार लाइटची, म्हणजे रंगमंचावर रंगीत झोत टाकणाऱ्या दिव्याची. प्रकाश-नियंत्रणाच्या बोर्डावरून त्याचा उजेड कमी केला की दिवा मंद होत नाही, तर फार वेगाने चालू-बंद होऊ लागतो, आणि या वेगाचा विजेच्या 50 हर्ट्‌झशी संबंध नसतो. त्यात लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग स्वतंत्रपणे चालू-बंद होतात, म्हणजे तुटतात. राजाच्या पांढऱ्या फेट्यावर जांभळा उजेड पडला की पडद्यावर लालसर-निळसर बारीक रेघा येतात त्या यामुळेच.

कोणता दिवा त्रास देतो हे पडदा उघडण्याआधी ओळखता येते. कॅमेऱ्याचे शटर 1/1000 वर नेऊन एकेका दिव्याखाली पांढरा कापड पाहावा. दोन-तीन रुंद पट्टे दिसले तर दोष चोकच्या ट्यूबचा किंवा स्वस्त एलईडी बल्बचा. दाट बारीक रेघा असतील तर मंद केलेल्या एलईडीचा. मग प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला दोन गोष्टींची विनंती करावी: पार पूर्ण तेजावर ठेवा, आणि उजेड कमी हवा असेल तर बोर्डावर मंद करण्याऐवजी दिवे कमी लावा किंवा लांब सरकवा. पूर्ण तेजावर पारचा रंग तुटत नाही. वेळेवर केलेली ही विनंती महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

तीन फेजवर वाटलेल्या दिव्यांची भीती बाळगू नये. त्यांचे चढउतार पुढे-मागे होतात, पण ठेका एकच असल्याने 1/50 सर्वांना लागू पडते. जनरेटरचे तसे नाही. देशाच्या ग्रिडची वारंवारता 49.90 ते 50.05 हर्ट्‌झमध्ये राखली जाते. मंडपामागचा डिझेल जनरेटर मात्र भार अचानक वाढला की दबतो. 48 हर्ट्‌झवर आला तर 1/50 ला थोडी लुकलुक येते, तेव्हा 1/48 बरे. अर्धे दिवे गावच्या लाइनवर आणि अर्धे जनरेटरवर ही सर्वांत वाईट स्थिती, कारण दोन ठेक्यांना एकच शटर तंतोतंत बसत नाही. रंगमंचाचे सगळे दिवे एकाच पुरवठ्यावर घ्यावेत आणि जनरेटरवर फक्त प्रेक्षकांकडचे ठेवावेत, किंवा याच्या उलट.

संथगती चित्रीकरणाला इथे मर्यादा आहे. 120 फ्रेमवर शटर 1/120 पेक्षा जास्त वेळ उघडे राहूच शकत नाही, म्हणून चोकच्या ट्यूबखाली लुकलुक येणारच. 100 फ्रेमवर 1/100 चालते. दंडारीतला (झाडीपट्टीच्या लोकनाट्यातला) नाच संथगतीत हवा असेल तर तेवढ्यापुरते हॅलोजन लावून घ्यावेत. संगणकावर लुकलुक कमी करणारे प्लगिन मिळतात. सबंध चित्राची थरथर ते बऱ्यापैकी बसवतात, चेहऱ्यावरून सरकणारे रंगीत पट्टे क्वचितच.