तज्ज्ञाला नेमकं काय विचारायचं?

एखादा जुना जाणता मेकॅनिक चालू पंपाच्या बेअरिंगपाशी हात ठेवतो, क्षणभर कान देतो आणि सांगतो, "शाफ्टला बाक आलाय." कशावरून, असं विचारलं तर म्हणतो, "कळतं." यात तो काही लपवत नसतो. इतक्या वर्षांत हाताला आणि कानाला जे उमगत गेलं, ते शब्दांत मांडायची वेळच त्याच्यावर कधी आलेली नसते.

तज्ज्ञ प्रणाली (एक्स्पर्ट सिस्टिम), म्हणजे तज्ज्ञासारखं निदान करणारे किंवा सल्ला देणारे संगणकाचे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांची सगळं अडवून धरणारी अडचण हीच होती. 1965 मध्ये स्टॅनफर्डला एडवर्ड फायगेनबॉम, जोशुआ लेडरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूंची रचना ओळखणाऱ्या 'डेंड्राल'चं काम हाती घेतलं. पुढच्या दशकात तिथेच रक्तातल्या जंतुसंसर्गाचं निदान करणारी 'मायसिन' तयार झाली. तिच्यात 'असं असेल तर तसं' या धाटणीचे शेकडो नियम होते. नियम हातात आले की त्यांवरून तर्क करणं संगणकाला जमत होतं. पण ते माणसाच्या डोक्यातून बाहेर काढायचे म्हणजे मुलाखत घ्या, नियम लिहा, उत्तर चुकलं की पुन्हा तज्ज्ञाकडे जा, असं महिनोन्‌महिने चालायचं. फायगेनबॉम यांनी या टप्प्याला बाटलीच्या चिंचोळ्या मानेची उपमा दिली. मान रुंद करायची तर तज्ज्ञाला प्रश्न विचारण्याचं कामच संगणकावर सोपवावं, या विचारातून ज्ञानसंपादनाची साधनं जन्माला आली.

रँडल डेव्हिस यांनी 1976 च्या सुमारास मायसिनसाठी रचलेलं 'तायरेसियस' हे त्यांतलं अगदी सुरुवातीचं साधन. ग्रीक पुराणातल्या अंध द्रष्ट्याचं नाव त्याला दिलं होतं. निदान चुकलं की ते डॉक्टरांसमोर तर्काची साखळी उलगडून दाखवायचं आणि कुठली कडी खटकते ते विचारायचं. नवा नियम टाइप केला की जुन्या नियमांशी ताडून पाहायचं. नमुना कुठून घेतला आणि संसर्ग कोणता हे सांगणाऱ्या बहुतेक नियमांत जंतू शरीरात कुठून शिरला हेही असतं, तुमच्या नियमात ते नाही, घालू का? अशी आठवण करून देणारा प्रोग्रॅम तेव्हा कुणी पाहिलेला नव्हता.

मला मात्र याहून मोलाची वाटते ती मानसशास्त्रातून आलेली युक्ती. जॉर्ज केली यांनी 1955 मध्ये 'रेपर्टरी ग्रिड' मांडली. माणूस आपलं जग कोणत्या कसोट्यांवर तोलतो हे समजून घेण्यासाठी ते तीन ओळखीची माणसं घ्यायला सांगत आणि विचारत, यांतली कोणती दोन एकमेकांसारखी, आणि तिसरं वेगळं कशामुळे? 1980 च्या दशकात बोईंगमध्ये जॉन बूझ यांनी आणि कॅल्गरीत मिल्ड्रेड शॉ व ब्रायन गेन्स यांनी हीच पद्धत तज्ज्ञांसाठी संगणकावर आणली.

आपला मेकॅनिक अशा साधनासमोर बसला आहे असं समजा. आधी तो पंपाच्या बिघाडांची नावं देतो: झिजलेलं बेअरिंग, फिरणाऱ्या भागाचं असंतुलन, शाफ्टचा बाक, आणि कॅव्हिटेशन, म्हणजे दाब कमी पडून पाण्यात बुडबुडे होणं आणि फुटणं. मग साधन तीन नावं उचलतं: कॅव्हिटेशन, बेअरिंग, असंतुलन. यांतली सारखी दोन कोणती? आता तो "कळतं" म्हणून थांबत नाही. "पहिल्या दोघांचा आवाज खरखरीत, बेताल. कॅव्हिटेशनमध्ये तर आतून खडी जातेय असं वाटतं. असंतुलनात मात्र शाफ्टच्या दर फेऱ्याला एक ठोका." झाली एक कसोटी तयार. तिच्यावर प्रत्येक बिघाडाला तो 1 ते 5 गुण देतो. मग दुसरं त्रिकूट, दुसरी कसोटी: दोष यंत्राच्या अंगातच आहे, की पाणी ओढण्याच्या बाजूला दाब कमी पडतोय?

थोड्या वेळात तक्ता भरतो आणि साधनाला दिसतं की असंतुलन आणि बाक यांचे सगळे गुण सारखेच आहेत. ते थेट विचारतं, हे दोन तुम्ही वेगळे कसे ओळखता? मेकॅनिक थबकतो. हात हवेत धरून आठवतो. "शाफ्टच्या लांबीच्या दिशेने बघायचं. बाक असेल तर हिसका पुढेमागे जोरात बसतो. असंतुलनात तो आडवा-उभा." बेअरिंगपाशी हात ठेवून त्याला जे 'कळत' होतं, ते हे. आपल्याला काय येतं हे तज्ज्ञाला सांगता येत नाही, पण दोन गोष्टींत फरक काय हे तो चटकन सांगतो. या क्षेत्रातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट ती हीच.

एकेका कामापुरती घडवलेली साधनंही आली. मार्क म्यूसेन यांच्या 'ओपल'मध्ये कर्करोगतज्ज्ञ केमोथेरपीची योजना ओळखीच्या तक्त्यांत भरत आणि नियम मागे आपोआप तयार होत. त्याच धाग्यातून निघालेलं, एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध मांडायचं साधन 'प्रोटेजे' आजही वापरात आहे. तज्ज्ञाला वगळून उदाहरणांवरूनच नियम काढायची वाटही होती. रिशार्ड मिखाल्स्की यांच्या प्रयोगात सोयाबीनच्या रोगांसाठी संगणकाने असे काढलेले नियम तज्ज्ञाने सांगितलेल्या नियमांहून सरस ठरले. पण त्यासाठी निदान झालेली भरपूर उदाहरणं हाताशी लागतात, आणि रोपाची कोणती लक्षणं नोंदवायची हे ठरवायला तज्ज्ञ लागतोच.

सिडनीत पॉल कॉम्प्टन थायरॉईडच्या तपासण्यांचे अहवाल लावणारी प्रणाली सांभाळत होते. एकच नियम दुरुस्त करता करता त्याला अटींची शेपटं फुटत गेलेली त्यांनी पाहिली. तज्ज्ञ नियम सांगतो तेव्हा तो समोरच्या प्रकरणापुरतं समर्थन देत असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी जुन्या नियमाला हात लावणंच सोडलं. पंपाच्याच उदाहरणात बघा. पुढेमागे हिसका दिसला म्हणून प्रणाली "बाक" म्हणते, मेकॅनिक म्हणतो, "छे, असंतुलन." साधन तो नियम ज्या प्रकरणावरून आला ते जुनं प्रकरण शेजारी मांडतं: या दोघांत वेगळं काय? "याचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, बेअरिंगच्या बाहेर लटकतोय. अशा पंपात असंतुलनानेही पुढेमागे हलतं." हा अपवाद त्या एका नियमाखाली टांगला जातो आणि आधी बरोबर आलेलं जुनं उत्तर बिघडत नाही.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयात 'पीअर्स' ही प्रणाली अशीच वाढवली गेली. तिच्यात दोन हजारांवर नियम जमले. ते तिथल्या पॅथॉलॉजिस्टने रोजचे अहवाल तपासता तपासता, मधे नॉलेज इंजिनिअर, म्हणजे तज्ज्ञाची मुलाखत घेऊन नियम लिहिणारा माणूस, न घेता, स्वतःच घातले होते.