हाताच्या सांध्यांचा एमआरआय: कागद कुठे अडतो आणि सोबत काय न्यावे

आमवाताच्या, म्हणजे डॉक्टर ज्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या आजाराच्या रुग्णांना नागपुरात एमआरआयसाठी जे हेलपाटे घालावे लागतात, त्यांतले बरेचसे अर्धवट भरलेल्या एका कागदापायी असतात. केसपेपर, आधार कार्ड, जुने एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट बहुतेक जण आठवणीने आणतात.

अडते ते मागणीपत्रावर. त्यावर नुसते ‘एमआरआय हात’ असे लिहिलेले असले की रेडिओलॉजी विभाग ते परत पाठवतो, आणि यात त्यांची चूक नाही. मनगट की बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, उजवा हात की डावा, कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक यावे म्हणून शिरेतून टोचायचे औषध) द्यायचे की नाही आणि नेमके काय शोधायचे आहे, हे सगळे त्यावर हवे. सांध्याच्या अस्तराची सूज कॉन्ट्रास्टशिवाय नीट उठून दिसत नाही. हाडाच्या आतली सूज मात्र त्याशिवायही दिसते आणि पुढे हाड झिजणार असल्याची चाहूल बहुधा तीच देते. म्हणून डॉक्टरांसमोरून उठण्यापूर्वीच कागद वाचून घ्यावा.

दुसरा अडसर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा. कॉन्ट्रास्टमधले गॅडोलिनियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचा अलीकडचा रिपोर्ट मागितला जातो. हा ‘अलीकडचा’ शब्द घात करतो. रिपोर्टचे दिवस स्कॅनच्या तारखेपासून मागे मोजतात, तारीख मिळाली त्या दिवसापासून नव्हे; तारीख दोन महिन्यांनंतरची असेल, तर आज काढलेला रिपोर्ट त्या दिवशी शिळा ठरतो. रामटेकहून पहाटेच्या एसटीने, उपाशीपोटी आलेली बाई एवढ्याच कारणासाठी परत जाताना मी पाहिली आहे. तारीख देतानाच हे कागदावर लिहून देणे खिडकीवरच्या माणसाला जड नव्हते.

आता पात्रता. निदान पक्के असून औषध लागू पडत असेल, तर एमआरआयचा हट्ट धरू नये. डेन्मार्कमध्ये लक्षणे आटोक्यात असलेल्या २०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एमआरआय पाहून औषधे ठरवल्याने नेहमीच्या पद्धतीपेक्षा आजार अधिक आटोक्यात आला नाही. खरा उपयोग होतो तो सूज आहे की नाही हे बोटांनी चाचपून ठरत नाही आणि एक्स-रे अजून स्वच्छ आहे तेव्हा. दुखणे आमवातात धरायचे की नाही हे ठरवणाऱ्या २०१० च्या वर्गीकरण निकषांनुसार किमान एका सांध्याची सूज डॉक्टरांना तपासणीत आढळावी लागते. आणखी किती सांधे धरले आहेत हे ठरवायला सोनोग्राफी किंवा एमआरआयचा आधार चालतो.

पैशांबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना भरती रुग्णाच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. ओपीडीतून लिहून दिलेला एकटा एमआरआय तिच्यात बसत नाही, मग रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाशी, म्हणजे आरोग्यमित्राशी, कितीही वाद घाला. १५ ऑगस्ट २०२३ पासूनचे मोफत उपचार सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी आहेत. मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, म्हणून ते तेथे लागू नाहीत. तेथे पिवळ्या शिधापत्रिकेवर सवलत मागायची असल्यास मूळ पत्रिका सोबत ठेवावी, मोबाइलमधला फोटो दाखवू नये. खासगी विमा असलेल्यांना ‘एक दिवस भरती व्हा, क्लेम होऊन जाईल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये, कारण केवळ तपासणीसाठी घेतलेली भरती विम्याच्या ठरलेल्या अपवादांतच मोडते.

पेसमेकर, शरीरातील धातू, गरोदरपण किंवा पूर्वी कॉन्ट्रास्टचा झालेला त्रास आधीच सांगावा. जोडवी, पाटल्या आणि अंगठ्या घरीच काढाव्यात. सुजलेल्या बोटात रुतलेली अंगठी साबण लावूनही निघत नसेल, तर आदल्या दिवशी सोनाराकडून कापून घ्यावी. टेक्निशियन तिच्यासह आत घेणार नाही. मनगटाच्या स्कॅनला काही ठिकाणी हात डोक्यावर ताणून पालथे झोपवतात, तेव्हा खांदाही धरलेला असल्यास आधी बोलावे.

रिपोर्टसोबत सीडी मागून घ्यावी. सहा महिन्यांनी तुलना करायची झाल्यास डॉक्टरांना चित्रे लागतात, नुसता टाइप केलेला कागद पुरत नाही.